मोटर कोण फिरवतं?

कुठल्याही तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात जा, एक टेबल हमखास सापडतं. त्यावर दोन पिवळ्या मोटरींची, प्लास्टिकच्या चाकांची गाडी. वर एक निळा बोर्ड, शेजारी लाल रंगाचं ड्रायव्हर मॉड्यूल, रंगीबेरंगी वायरींचा गुंता आणि मागच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'स्मार्ट' असं काहीतरी. गाडीमागे इस्त्रीच्या गणवेशात उभ्या असलेल्या मुलाला एकच प्रश्न विचारून बघा. "बाळा, ही मोटर कोण फिरवतं?" दहातल्या नऊ वेळा उत्तर येईल, "सर, कोडिंग."

उत्तर चूक आहे. आणि चूक त्या मुलाची नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याला आपण तसंच शिकवलंय.

कोड मोटर फिरवत नाही. बोर्डाची पिनही फिरवत नाही. मोटर फिरवते बॅटरी. कोड फक्त "आता सोड" आणि "आता थांब" एवढंच सांगतो, आणि ते ऐकून बॅटरीचा करंट मोटरीपर्यंत सोडायला मधे एक दणकट गडी उभा करावा लागतो. त्या गड्याचं नाव ट्रान्झिस्टर, किंवा ड्रायव्हर. हा मधला गडी का लागतो, हे ज्याला कळलं त्याला निम्मं इलेक्ट्रॉनिक्स कळलं. आणि नेमकं तेच आपण वगळतो. "लाल वायर इकडे लाव, काळी तिकडे लाव, आयएन-एक आठ नंबरला, आयएन-दोन नऊ नंबरला..." झालं रोबोटिक्स!

तर माझं म्हणणं असं आहे, मंडळी. शाळांतून रोबोटिक्सच्या नावाखाली जे चाललंय, त्यातला बराचसा भाग वायरी जोडण्याचं पाठांतर आहे. पूर्वी आपण सनावळ्या पाठ करायचो, आता पिनांचे नंबर. आणि ज्या मुलांना वीज समजण्याची सगळ्यात जास्त संधी होती, त्या खेड्यातल्या, शेतकऱ्यांच्या पोरांचंच यात सगळ्यात जास्त नुकसान होतंय.

आधी थोडे आकडे बघू, म्हणजे नुसती तोंडाची वाफ नको.

शाळांमधून जो निळा बोर्ड दिसतो तो बहुतेक वेळा अर्डुइनो ऊनो, किंवा त्याची स्वस्तातली नक्कल. अर्डुइनोचा जन्म २००५ सालचा, इटलीतल्या इव्रिया गावातला. ऊनो आला २०१० साली. त्याच्या काळजात जी चिप बसवलेली असते, तिच्या एका पिनेतून २० मिलीअँपिअरच्या आसपास करंट घ्यावा अशी अपेक्षा असते. ४० ही अगदी शेवटची हद्द. आणि सगळ्या पिना मिळून २०० च्या वर जायचं नाही. आता ती पिवळी मोटर, जिला बाजारात 'बीओ मोटर' म्हणतात, ती मोकळी फिरताना शंभर-दोनशे मिलीअँपिअर खाते. चाक हाताने दाबून धरलं की अँपिअरच्या घरात जाते. म्हणजे पिनेने द्यायचे वीस, मोटर मागणार हजार. एलईडी त्या पिनेवर सुखाने लागतो, कारण त्याला दहा-पंधरा मिलीअँपिअर पुरतात. मोटर लावली तर ती पिन, आणि कधीकधी आख्खी चिप, कामातून जाते. एवढा साधा हिशेब आहे. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या मुलाला दहा मिनिटांत समजावून सांगता येतो. पण तो सांगायचा तर आधी करंट म्हणजे काय ते मोजून दाखवावं लागतं, आणि त्यासाठी मल्टीमीटर लागतो. किटमध्ये कॅमेरा असतो, ब्लूटूथ असतं, अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो. मल्टीमीटर नसतो, किंवा असला तरी त्याचा सेल संपलेला असतो.

आता आमच्या देऊळघाटकडे वळू. बुलढाणा तालुक्यातलं गाव, ह्याच बाजूच्या डोंगरांत पैनगंगा उगम पावते. सोयाबीन, कपाशी, तूर, आणि विहिरीला पाणी असेल तर रब्बीचं काही. अशा गावातल्या पोराला मोटर म्हणजे काय हे शिकवायला लागतं का हो? तो मोटरीच्या आवाजावरच वाढलेला असतो. "मोटर बसली", "फेज गेला", "डीपी उडाली", "लाइन आली, पळ!" ही त्याची मायबोली आहे. मोटर दोन फेजवर चालली तर जळते हे त्याला सहावीतच माहीत असतं, कारण जळालेली मोटर रिवाइंडिंगला नेताना बापाचा चेहरा त्याने बघितलेला असतो.

आणि ह्याच पोराच्या शेतातल्या पेटीत, त्या पत्र्याच्या स्टार्टरमध्ये, रोबोटिक्सचा पहिला धडा लटकलेला आहे. हिरवं बटण दाबलं की मोटर सुरू होते. पण पाच एचपीच्या मोटरीचा सात-आठ अँपिअर करंट त्या हिरव्या बटणातून जातो का? सुरू होताना तर तो पाच-सहा पट होतो, तो जाईल का? नाही जात. बटणातून जातो तो अगदी किरकोळ करंट, कॉन्टॅक्टरच्या कॉईलपुरता. कॉईल चुंबक होते, चुंबक पट्ट्या ओढतो, पट्ट्या जुळतात आणि मोठा करंट त्यांच्यातून मोटरीकडे जातो. म्हणून बटणाची वायर बारीक असते आणि मोटरीची केबल जाड. हिरवं बटण म्हणजे बोर्डाची पिन. कॉन्टॅक्टर म्हणजे ड्रायव्हर. डीपीकडून आलेली लाइन म्हणजे बॅटरी. संपला धडा! जे कोणत्याच किटच्या माहितीपुस्तकात नीट लिहिलेलं नसतं, ते ह्या पोराने हजार वेळा पाहिलेलं आहे. फक्त त्याला कुणी सांगितलं नाही की बाबा रे, हेच ते.

एवढ्यावर थांबत नाही. मोटर सुरू होताना जास्त करंट मागते, हा स्वभाव विहिरीवरच्या मोटरीचा आणि खेळण्यातल्या मोटरीचाही. आतली रचना वेगळी (ती एसी इंडक्शन, ही ब्रशवाली डीसी), पण उठताना दोघीही सारख्याच भुकेल्या. कृषिपंपांना वर्षानुवर्षं कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास अशी पाळीपाळीने वीज मिळायची. रात्री कोण उठणार म्हणून लोकांनी ऑटोस्विच बसवले. मग लाइन आली रे आली की एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटरी एकदम उठणार, आणि रोहित्र आडवं होणार. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत आलंय ते ह्याचसाठी. आता प्रदर्शनातली गाडी बघा. पोरगं बटण दाबतं, दोन्ही मोटरी एकदम उठतात, बॅटरीचा दाब कोसळतो, बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो. गाडी नुसती गचके खाते. पोरगं बिचारं दोन तास कोडमधली चूक शोधत बसतं, आणि कोडमध्ये चूक नसतेच! डीपी उडालेली असते, लहानशी. त्याच्या बापाला बोलावलं असतं तर त्याने एका मिनिटात सांगितलं असतं, "लोड जास्त झाला."

बॅटरीवरून आठवलं. हा किटवाल्यांचा सगळ्यात मोठा विनोद. किटमध्ये नऊ व्होल्टचा तो चौकोनी सेल देतात. दिसायला छान, क्लिप लावायला सोपा. पण तो बनलाय घड्याळ-रेडिओसारख्या, थोडा थोडा करंट घेणाऱ्या वस्तूंसाठी. त्याच्या पोटातच एवढा अडथळा असतो की दोन मोटरींनी एकदम मागणी केली की तो धापा टाकायला लागतो. मूल म्हणतं, "नऊ व्होल्ट आहेत की!" व्होल्ट आहेत रे बाळा, पण अँपिअर कुठून आणणार? टाकी उंचावर आहे, पण नळ बोटाएवढा. त्यापेक्षा पेन्सिल सेल चार घ्या, ओळीने लावा, सहा व्होल्टच मिळतील पण गाडी पळेल.

त्यात ते लाल मॉड्यूल. त्यावरची एल-२९८ ही चिप जुन्या धाटणीची आहे. ती वाईट नाही, एका मोटरीला दोन अँपिअरपर्यंत देऊ शकते. पण स्वतःच्या पोटात ती दोनेक व्होल्ट खाते. बॅटरी सहाची, मोटरीला पोचतात चार. उरलेल्याची उष्णता होते, म्हणून तर त्या चिपला ॲल्युमिनियमचा काळा पंखा-पंखा लावलेला असतो. एक अँपिअर आणि दोन व्होल्ट म्हणजे दोन वॅट नुसते हवेत. त्या चिपमध्ये संरक्षणाचे डायोडही नसतात, म्हणून मॉड्यूलवर वेगळे आठ डायोड लावलेले दिसतात. एल-२९३-डी ह्या लहान भावात ते आतच असतात, पण त्याची ताकद कमी, सहाशे मिलीअँपिअर. हे डायोड कशाला? तर मोटरीचा करंट एकदम तोडला की गुंडाळी उलटा दणका देते. स्टार्टर बंद करताना जी ठिणगी उडते, ज्याने पट्ट्यांची टोकं काळी पडतात, तोच हा दणका. डायोड त्याला परतीची वाट करून देतो, म्हणजे तो चिपच्या अंगावर येत नाही. पुन्हा तेच. पोराने ठिणगी पाहिलेली आहे, डायोडही पाहिलेला आहे, दोघांची ओळख करून द्यायला कुणी नाही.

आता समोरच्या बाजूचंही ऐकू. तसं न ऐकता भांडायला मजा नाही.

पहिला आक्षेप: "आधी आनंद, मग थिअरी. मुलाला गाडी चालताना दिसू दे, मग तो आपोआप आत डोकावेल. अर्डुइनो तर मुळात इलेक्ट्रॉनिक्स न येणाऱ्यांसाठीच काढलं होतं." ह्यात तथ्य आहे, मी मान्य करतो. इव्रियातल्या त्या मंडळींनी चिपच्या पोटातली किचकट भानगड लपवली आणि जगावर उपकार केले. पण त्यांनी करंट लपवला नव्हता, तो लपवताच येत नाही. शिवाय त्यांचे विद्यार्थी डिझाइनच्या संस्थेतले, शेजारी जाणकार माणूस बसलेला, बोर्ड जळला तर दुसरा कपाटात तयार. देऊळघाटात बोर्ड जळला तर दुसरा पोस्टाने येणार, आणि तोवर प्रदर्शन उरकलेलं असणार. जिथे सुटे भाग दुर्मिळ तिथे समज जास्त लागते, कमी नाही. आणि 'आपोआप डोकावेल' म्हणता, पण प्रदर्शन संपलं की गाडी कपाटात जाते. डोकावणार कधी?

दुसरा आक्षेप: "विजेशी खेळ नको, धोका आहे." विहिरीवरच्या चारशे व्होल्टच्या पेटीला मुलांनी हात लावायचा नाही, हे मी कानठळ्या बसतील एवढ्या आवाजात सांगतो. ती पेटी वायरमनने, लाइन बंद करून, लांबून दाखवायची. किंवा भंगारातला जुना स्टार्टर वर्गात आणून उघडायचा. पण सहा व्होल्टला घाबरायचं काय कारण? सहा व्होल्टवर शिकलेलं पोरगंच उद्या चारशे व्होल्टचा आदर करेल.

तिसरा आक्षेप कुणी तोंडाने बोलत नाही, पण खरा तोच आहे: "जळलं तर भरून कोण देणार?" शाळेत आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. वस्तू चढली की ती मुलांची राहत नाही, हिशेबाची होते. मास्तर बिचारे तपासणीला घाबरतात आणि कपाटाला कुलूप लावतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. तीनशे-चारशे रुपयांच्या बोर्डासाठी माणसाने खुलासे का लिहावेत? मग सुरक्षित उपाय काय? तर एकच गाडी, एकदाच जोडून ठेवलेली, दरवर्षी तीच, फक्त मागचा पुठ्ठा नवा.

पैसा नाही असं नाही. अटल इनोव्हेशन मिशन २०१६ पासून सुरू आहे. निवडलेल्या शाळेला टिंकरिंग लॅबसाठी वीस लाखांपर्यंतची मदत त्यात होती, देशात दहा हजारांच्या आसपास लॅब झाल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजार लॅब सरकारी शाळांत उभारायचं जाहीर झालं. इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या मुलाच्या खात्यात दहा हजार रुपये येतात. वाईट काहीच नाही ह्यात. उलट चांगलंच आहे. प्रश्न एवढाच की हा पैसा समजेवर खर्च होणार, की तयार गाड्यांवर?

कारण विचार आपल्याकडे कधीच कमी नव्हता. आमच्याच विदर्भात, वर्ध्याला, १९३७ साली हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना गांधीजींनी मांडली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला १९८३ साली डॉ. कलबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातल्या मुलाने वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम करता करता विज्ञान शिकावं, हा त्यांचा आग्रह. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्याबाहेर जी पहिली काही फॅब लॅब काढली, त्यातली एक २००२ साली ह्याच पाबळात आली. का आली? तिथे आधीपासून हात चालत होते म्हणून. यंत्रं नंतर आली. आपण उलटं करतोय, यंत्रं आधी मागवतोय आणि हातांना घडी घालून उभं करतोय.

मग करायचं काय? नुसती टीका करणारा ब्लॉग कुणीही लिहील, म्हणून माझं म्हणणं सरळ मांडतो.

पहिला महिना बोर्ड बाहेर काढूच नका. चार पेन्सिल सेल, एक मोटर, एक टीआयपी-१२२ ट्रान्झिस्टर, एक हजार ओहमचा रेझिस्टर, एक ४००७ नंबरचा डायोड, एवढंच द्या. मोटरीचं एक टोक बॅटरीच्या अधिकला, दुसरं ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला, एमिटर उणेला. डायोड मोटरीला समांतर, पट्टीची बाजू अधिककडे. आता रेझिस्टरमधून बेसला अधिकची वायर नुसती टेकवा, मोटर फिरेल. मग मल्टीमीटर आधी त्या टेकवलेल्या वायरीत लावा, पाच मिलीअँपिअरहूनही कमी दिसतील. मग मोटरीच्या वायरीत लावा, शंभराच्या वर आकडा जाईल. दोन्ही आकडे मुलाने स्वतःच्या वहीत लिहावेत. ज्या मुलाने हे दोन आकडे स्वतः लिहिले, त्याला पुढे "कोडिंगने मोटर फिरते" असं कुणी म्हणवून दाखवावं! त्यानंतर खुशाल बोर्ड आणा. टेकवायच्या वायरीच्या जागी पिन जोडा, बोर्डाचं ग्राउंड आणि बॅटरीचं उणे एकत्र करा (हे विसरलं की सगळ्यांचीच गाडी अडते), आणि मग काय कोड लिहायचा तो लिहा.

दुसरं, गावातला रिवाइंडिंगवाला आणि वायरमन शाळेत बोलवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत, गावच्या कारागिरांबरोबर काम करायला. सुतार, कुंभार चालतात तर मोटर भरणारा का नको? ज्या माणसाला गुंडाळीचे वेढे बोटांनी मोजता येतात, त्याच्याइतका शिक्षक तालुक्यात शोधून सापडणार नाही.

तिसरं, गाडी सोडा आणि फवारणीचा पंप घ्या. पाठीवरचा बॅटरीचा पंप आता घरोघरी आहे. बारा व्होल्टची बॅटरी, आत एक लहानशी डीसी मोटर, वेग कमी-जास्त करायचं बटण. ह्यापेक्षा चांगलं किट कुठलं? आणि ते दरवर्षी नादुरुस्त होतं, म्हणजे अभ्यासाला कायम हजर. तो पंप आधी स्वच्छ धुऊन घ्यायचा, औषधाचा अंश राहू द्यायचा नाही, एवढी काळजी मात्र मोठ्यांनी घ्यावी. तो दुरुस्त करणाऱ्या मुलीला मी पुठ्ठ्यावरच्या कुठल्याही 'स्मार्ट'पेक्षा वरचा नंबर देईन.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. शाळेत जळालेल्या वस्तूंचा एक डबा ठेवा, आणि तो भरण्यासाठी वर्षाला दोन-तीन हजार रुपये अधिकृतपणे मंजूर करा. ट्रान्झिस्टर, डायोड, मोटरी, स्वस्त बोर्ड, हे खडूसारखे वापरून संपणारे धरा. खडू झिजला म्हणून आपण खुलासा मागतो का?

बुलढाण्याजवळ येळगावचं धरण आहे, ह्याच पैनगंगेवर. त्याला स्वयंचलित दरवाजे आहेत. ते विजेच्या मोटरीने उघडत नाहीत, पाणी चढलं की पाण्याच्याच दाबाने उघडतात. ना बोर्ड, ना कोड. ज्याने ते योजले त्याने आधी एकच विचार केला असणार, की जोर येणार कुठून. यंत्राकडे बघताना हाच प्रश्न पहिला पडायला हवा. तो पडायची सवय शाळेने लावायची असते, आणि ती सवय वीस लाखांत मिळत नाही, दीडशे रुपयांच्या मल्टीमीटरपासून मात्र सुरू करता येते.

तेव्हा शाळा समितीवर कुणी ओळखीचं असेल तर पुढच्या बैठकीत नवीन किटचा ठराव यायच्या आधी जुन्या कपाटाची किल्ली मागा. आत काय काय आहे, त्यातलं किती मुलांच्या हाती गेलं, आणि किती जळलं, ते विचारा. काहीच जळलेलं नसेल तर समजा की काहीच शिकवलेलं नाही. पटत नसेल तर जरूर भांडा, मी इथेच आहे.